साळूबाईचं रडणं

दुष्काळ सरला त्या वर्षी बदनापूरजवळच्या एका मळ्यात दर अमावास्येला बायांची झुंबड उडायची. मच्छिंद्रबुवाच्या अंगात मेलेली लेकरं येतात, अशी आवई होती. बुवा डोक्यावरून घोंगडी ओढून किनऱ्या आवाजात म्हणायचा, "आये, मी हितंच हाय." आया ऊर बडवायच्या. मग घोंगडीतून बुवाचा जाडा आवाज यायचा, "आत्मा थकला. साडीचोळी ठेवा, मंग परत येईल." मेलेल्या पोरांना साडीचोळी कशाला लागते, हे कुणी विचारत नव्हतं.

आमच्या शाळेत माझ्याबरोबर शिकवणाऱ्या सत्यशीलाबाईंची मुलगी आदल्या वर्षी गोवरानं गेली होती. त्या तिच्याविषयी चकार शब्द काढत नसत. त्यांची शेजारीण द्वारकाबाई, जिचा मुलगा विहिरीत बुडाला, ती मात्र बुवाकडून हलकी होऊन यायची.

"बाई, त्यानं बराबर सांगितलं. मह्या पोराला चिंचा आवडायच्या, हे घरच्याबिगर कुणाला म्हाईत न्हाई."

"कुणाजवळ बोलला होतात?"

"फकस्त मळ्यातल्या साळूबाईजवळ. तिचंबी लेकरू गेलंय. लिंबाखाली संगंच रडल्तो आम्ही."

पुढच्या अमावास्येला सत्यशीलाबाई द्वारकाबाईबरोबर निघाल्या आणि मलाही सोबत घेतलं.

मळ्यातल्या लिंबाखाली साळूबाई येईल त्या बाईला कवटाळत होती. "सांग माय, मन मोकळं कर. महंबी लेकरू गेलं, कसं जळतं ते मला ठाऊक हाय."

सत्यशीलाबाईंनी सांगितलं, मुलगा होता, आनंद नावाचा. दुधना नदीत बुडाला. अंगात निळा सदरा होता. सांगताना त्यांचा आवाज कापला, आणि ते कापणं खोटं नव्हतं. थोड्या वेळानं साळूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बुवाच्या खोपटात गेली.

बुवा बाहेर आला, घोंगडीत शिरला. "आये, मी आनंद. पाण्यात थंडी वाजती. निळा सदरा भिजला."

सत्यशीलाबाई उभ्या राहिल्या.

"मला मुलगा झालाच नाही. माझी सुजाता गेली, गोवरानं, माझ्या मांडीवर. आनंदची गोष्ट मी रचली आणि एकट्या साळूबाईला सांगितली."

मी घोंगडी ओढली. आत घामानं डबडबलेला बुवा. "आत्म्यांची गर्दी झाली, चुकामूक होती," तो पुटपुटला.

द्वारकाबाई साळूबाईसमोर जाऊन उभी राहिली. "तुहं कोण गेलंय?"

"कुणी न्हाई," साळूबाई खाली बघत म्हणाली. "दोन्ही पोरं घरी हायती."

द्वारकाबाई बांधाकडे वळली आणि भडभडून ओकली. तोंड पुसत म्हणाली, "बुवाचं सोडा. ही मह्या गळ्यात पडून रडली."

साधे चोर मी पुष्कळ पाहिले होते, पण आईच्या रडण्यातून माल उचलणारे चोर मी तोवर पाहिले नव्हते.

त्या रविवारी द्वारकाबाई सत्यशीलाबाईंच्या घरी गेली आणि म्हणाली, "सुजाता कशी व्हती, बाई?" वर्षभर मिटलेलं तोंड त्या दुपारी उघडलं. पुढं आणखी बाया येऊ लागल्या. कुणी साडीचोळी आणत नाही. कुणाच्या अंगात येत नाही.

वाचकहो, मेलेलं लेकरू कुणाच्या तोंडून बोलत नाही. द्वारकाबाईला हलकं वाटायचं ते खरं होतं, पण ते लिंबाखाली बोलल्यामुळं. बुवानं श्रेय फक्त लाटलं. दुःख सांगायचं तर जिचं स्वतःचं कुणी गेलंय अशा शेजारणीला सांगा. आणि घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नसलेलं कुणी बुवा सांगू लागला, तर पाया पडण्याआधी आठवा, ते तुम्ही कुणाजवळ बोलला होता.