फ्लेक्समागचा बोर्ड

नगर शहरात बोर्ड दोन प्रकारचे असतात. एक वाढदिवसाचे, ते कोसभर लांबून दिसतात. दुसरे रस्त्याचे, ते बहुतेक वेळा पहिल्यांच्या मागे सापडतात. इथे गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. राजेश्वरीलाही ठाऊक होतं, तरी ती फसलीच.

नवरा गेल्यापासून ती सावेडीतल्या एका शाळेची व्हॅन चालवत होती. पोरांना उचलून आत घ्यायचं, कुणाची बाटली सांडली तर पुसायची, कुणी रडलं तर त्याला पुढे शेजारी बसवायचं. गाडी अशी जपून चालवायची की मागच्या पोरांची डुलकी मोडू नये. शाळेचा एक नियम मात्र कडक होता. वर्षात दोनाच्या वर चलानं झाली, की ड्रायव्हरला घरी बसवायचं. नियम काही वाईट नव्हता. राजेश्वरीच्या नावावर तर आजवर एकही चलान नव्हतं.

आणि एका सोमवारी ऑफिसात बोलावून क्लार्कनं तिच्यापुढे तीन चलानं ठेवली. तिन्ही मागच्या आठवड्यातली, तिन्ही बाजाराजवळच्या एकाच गल्लीतली. प्रवेश बंद असताना गाडी घातली, असा गुन्हा.

"तिथं बोर्डच न्हाई हो," ती म्हणाली.

"मग वाहतूक शाखेत जाऊन रद्द करून आणा. नाहीतर संध्याकाळी चावी जमा करा."

ती तडक गल्लीच्या तोंडाशी गेली. बोर्ड होता. चांगला लाल, गोल, नवाकोरा. गल्ली त्याच महिन्यात एकेरी केली होती म्हणे. बोर्ड बसला आणि पाठोपाठ त्याच्यावर तिथल्या पुढाऱ्याच्या, दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढला. आठवडाभर तो तिथे होता, आणि आता वाढदिवस उरकल्यावर उतरला होता. म्हणजे सरकारनं सूचना दिली, दादांनी ती झाकली, आणि भरायचं राजेश्वरीनं.

पण तिच्याकडे पुरावा होता. फ्लेक्स लागला त्याच दिवशी तिनं कौतुकानं त्याचा फोटो काढला होता. कारण खाली शुभेच्छुकांच्या रांगेत, गॉगल घालून, तिचा लेक हर्षल होता! जन्मात पहिल्यांदा तिच्या घरातलं कुणी एवढं मोठं होऊन रस्त्यावर झळकलं होतं. काष्टीला भावालाही तिनं तो फोटो पाठवला होता. आता नीट पाहिलं तर फ्लेक्सच्या वर बोर्डाची लाल कड चार बोटं डोकावत होती. तिचा जीव भांड्यात पडला.

घरी येऊन तिनं हर्षलला फोटो दाखवला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"आई, हा कुनाला दाखवू नको."

"का रं? त्याच्यावरच तर चलान रद्द व्हनार हाय."

"फ्लेक्स मीच बांधलाय. परवानगी कुनी काढलीच न्हाई. बोर्डाचा दांडा पक्का हुता म्हनून त्यालाच बांधला. केस कुनावर पडंल? दादांवर? आमच्यावर पडंल. माझी मैदानी चाचणी झालीय, लेखी राहिलीय. चारित्र्य पडताळणीत गुन्हा निघाला, तर पोलीस भरती संपली माझी."

"आन् माजी नोकरी?"

हर्षल बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसला. राजेश्वरीला त्याची कीवही आली आणि एक ठेवून द्यावीशीही वाटली.

वाहतूक शाखेतले फौजदार माणूस म्हणून बरे होते. त्यांनी तिला बसायला खुर्ची दिली.

"बोर्ड झाकलेला होता म्हणता? फोटो असला तर दाखवा ताई. चलान रद्द करण्यासाठी मी वर पाठवतो."

मोबाईल तिच्या हातातच होता. तिनं फोटो बोटांनी मोठा केला. इतका की फक्त लाल कड आणि फ्लेक्सचा वरचा काठ उरावा. आणि मोबाईल पुढे धरला.

"अर्धा नाही चालत. पूर्ण दाखवा. कुणी लावला ते कळायला नको? शहर विद्रूप केल्याचा गुन्हा दाखल करावा लागतो त्यांच्यावर. त्याशिवाय तुमचं चलान कोणत्या आधारावर रद्द करू?"

तिनं मोबाईल मागे घेतला. "पूर्ण न्हाई माज्याकडं."

"मग अवघड आहे." त्यांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "आणि हे बघा."

कॅमेरा गल्लीच्या आतल्या बाजूला होता, त्यामुळे फोटोत फ्लेक्स कुठेच नव्हता. होती ती व्हॅन, आणि काचेमागे राजेश्वरी. तिन्ही फोटोंत तिची मान वर, नजर बोर्डाच्या जागेवर, आणि तोंडभर हसू. रोज त्या वळणावर ती गाडी हळू करायची आणि लेकाला डोळे भरून बघून घ्यायची. हे तिच्या एकटीचं सुख होतं. ते असं कुणी टिपत असेल, हे तिच्या ध्यानीमनी नव्हतं.

"तीनदा बोर्डाकडे बघितलं, हसल्या, आणि गाडी घातली," फौजदार म्हणाले. आता त्यांचा आवाज बदलला होता. "झाकलेल्या बोर्डाकडे बघून कुणी हसतं का? लहान पोरं होती ना गाडीत?"

मागच्या सीटवर पोरं दिसतच होती. राजेश्वरीचे कान तापले. आजवर कुणी तिला एवढं लागट बोललं नव्हतं, आणि उत्तर असूनही देता येत नव्हतं.

"बोला. दिसला होता की नाही बोर्ड?"

"दिसला हुता साहेब."

"तरी घातली?"

"व्हय. तरी घातली."

त्यांनी तसं लिहून घेतलं. बोर्ड स्पष्ट दिसत होता, हे वाक्य त्यांनी तिला वाचूनही दाखवलं. तिनं खाली सही केली.

"घरी कोण असतं?" कागद बाजूला ठेवताना त्यांनी सहज विचारलं.

"मुलगा हाय. पोलीस भरतीची तयारी करतोय."

"अरे वा!" त्यांचा चेहरा खुलला. "मग त्याला हे सांगू नका. आईकडं बघूनच पोरं शिकतात."

राजेश्वरीला मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. "न्हाई सांगत," ती म्हणाली, आणि व्हॅन काढून चावी जमा करायला शाळेकडे निघाली.