अमेरिकेशी लावलेली जोड

रसूलभाईंची शबीना भारताकडून फ्लॅग फुटबॉल खेळून बावड्याला परत आली. हा पायानं मारायचा फुटबॉल नव्हे, अमेरिकन फुटबॉलचं धाकटं भावंड. यात अंगावर पडायचं नाही. चेंडू घेऊन पळणारीच्या कमरेची पट्टी ओढली की ती थांबली. अमेरिकेच्या पोरींनी अडुसष्ट गुण केले. आपले शून्य.

गावचा होतकरू पुढारी राजवर्धन, त्यानं विजयाचा फ्लेक्स आधीच छापून ठेवलेला, स्वतःचा फोटो शबीनाच्या दुप्पट. निकाल कळल्यावर त्यानं ‘विजयाबद्दल’वर कागद चिकटवून ‘सहभागाबद्दल’ केलं. फोटो होता तेवढाच राहिला.

पुढच्या स्पर्धेचं शिबिर बारामतीत होतं. रसूलभाई म्हणाले, जायचं नाही. त्यांच्या पंक्चरच्या दुकानात हवा भरायला येणारा प्रत्येक जण अडुसष्टचाच विषय काढी.

मानसिंगआबांनीही त्यांचीच बाजू घेतली. आबा जत्रेतल्या कुस्त्यांचे पंच. दोन पैलवान शेजारी उभे करायचे, दंड-मान बघायची, मगच जोड लावायची.

“नारळाच्या कुस्तीचं शिकाऊ पोरगं मी नामांकित मल्लापुढं सोडलं असतं, तर लोकांनी मलाच मातीत घातलं असतं,” आबा म्हणाले. “ही जोड लावली कुणी?”

“जागतिक संघटनेनं. खेळ जगभर वाढवायचाय म्हणत्यात,” शबीना म्हणाली.

“असा वाढिवत्यात व्हय? रोपावर ट्रॅक्टर घालून?”

रसूलभाईंनी मान डोलावली. शबीना टायरांच्या चळतीवर बसली.

“आबा, तालमीत तुमी कुणासंगं खेळायचा?”

“वस्तादासंगं.”

“किती येळा पाडलंत त्यांना?”

“खुळी हायस का? रोज मीच पडायचो.”

“मग घरच्यांनी तालीम बंद केली?”

“पर वस्ताद पाडून वर डाव सांगायचा. ह्या बायांनी काय सांगितलं?”

“कायबी न्हाय. पण डाव लपवताबी आला न्हाय त्यांना. पळणारीच्या डोळ्यांकडं बघतच न्हाईत त्या, कमरेकडं बघत्यात.”

तिनं जुन्या ट्यूबची पट्टी कापून आबांना दिली. “कमरेला खोचा आन् पळा.”

आबांनी डावीकडं झुकांडी दिली, उजवीकडं निघाले, आणि एका हातानं धोतर सावरत उभे राहिले. पट्टी शबीनाच्या मुठीत होती. हवा भरायला आलेले दोघं हसायचं विसरले.

रसूलभाईंनी हातातला पाना खाली ठेवला.

“पुढच्या खेपेला कितीनं हरशील?”

“पन्नासात आणते, अब्बा.”

“चाळीस म्हण.”

“पंचेचाळीस.”

“जा,” रसूलभाई म्हणाले.