नातेवाइकाचा रकाना

“तक्रार किरकोळ आहे, रजीश. जेवणाआधी उडवून टाक,” रजीशचा सॉफ्टवेअर कंपनीतला वरिष्ठ बेन्नीचेट्टन खुर्ची मागे ढकलत म्हणाला. “पेशंटच्या पानावर नातेवाइकाचा रकाना कोरा दिसतो म्हणे. नर्सबाईंना दुसरं काम नाही.”

रजीशने हॉस्पिटलचं पान उघडलं. नाव, वय, रक्तगट, खाट, औषधं, सगळं होतं. नातेवाईक कोरा. त्याने दुसरा पेशंट उघडला, तिसरा उघडला. तिथेही कोरा. चौथा त्याने उघडला नाही. काय झालंय ते त्याला कळलं होतं.

ओणमच्या सुट्टीआधी हे पान त्यानेच बनवलं होतं. साठवलेली नोंद पडद्यावर पाठवायची तर आधी तिचा जेसन करावा लागतो, म्हणजे सगळी नोंद एका लांब मजकुरात ओवावी लागते. ते काम फ्रेमवर्क, म्हणजे पानाखालचा तयार सांगाडा, आपलं आपण करतं. पण पेशंटच्या नोंदीत नातेवाईक होता आणि नातेवाइकाच्या नोंदीत पुन्हा तोच पेशंट. फ्रेमवर्क याच्याकडून त्याच्याकडे, त्याच्याकडून याच्याकडे गरगर फिरत राहिलं आणि शेवटी कोसळलं. पडदाभर लाल एरर. संध्याकाळी हॉस्पिटलच्या साहेबांना पान दाखवायचं होतं. खरं तर नातेवाइकाच्या नोंदीतला पेशंट वगळायला हवा होता. घाईत रजीशने ‘हे वगळ’ ही खूण पेशंटच्या नोंदीतल्या नातेवाइकावर ठेवली. एरर गेली, पान उघडलं. चाचण्याही हिरव्या, म्हणजे पास, आल्या, कारण पान उघडतं का एवढंच त्या बघत होत्या. त्याही त्यानेच लिहिल्या होत्या.

हे कधीपासून आहे ते विचारायला त्याने वॉर्डात फोन लावला. लिसम्मा सिस्टरने उचलला.

“कधीपासून ते मला काय विचारतोस, मोने?” मुलाला हाक मारावी तशी ती म्हणाली. “आम्हाला वाटलं लोक नंबर देतच नाहीत.”

“मग तक्रार आज कशी केलीत?”

“एक म्हातारा येतो रे. कुंजिरामन, फरोकचा. आम्ही कुंजिरामेट्टन म्हणतो. कौलांच्या कारखान्यात होता. त्याची बायको देवयानी आमच्याकडे आयसीयूत होती. आत कुणाला बसू देत नाहीत, म्हणून तो रात्री घरी जायचा. एका पहाटे तिचं एकदम बिघडलं. मी पडद्यावर नंबर शोधला, तर रकाना कोरा. कागदी अर्ज होते तेव्हा उलटून तरी बघता यायचं. सकाळी तो डब्यात भाताची कांजी घेऊन आला, तेव्हा सगळं आटपलं होतं.”

रजीशने देवयानीचं नाव कागदावर टिपून घेतलं.

“ऑफिसवाल्यांनी त्याला सांगितलं, तुम्ही नंबरच दिला नव्हता. मुलगी मस्कतला असते, तीही बापालाच दोष देते, म्हणते, अच्छन विसरले. आता तो येऊन विचारतो, सिस्टर, मी खरंच विसरलो का हो? मी काय सांगू? तूच बघून सांग.”

“शेवटी देवयानींनी नवऱ्याची आठवण काढली का?”

“ते मला विचारू नकोस,” सिस्टर म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

रजीशने मूळ नोंद काढली. कुंजिरामन, पती, खाली नंबर. भरती झाली त्याच दिवसाची नोंद होती.

त्याने खूण काढून जिथे हवी होती तिथे ठेवली. काम एवढंसंच होतं. सगळ्या पेशंटांचे नातेवाईक पडद्यावर आले. नवऱ्यांची नावं, सुनांची, भावांची. त्याला ते वाचवेना.

बेन्नीचेट्टनला त्याने सगळं सांगितलं. बेन्नीने दार लोटून घेतलं.

“दुरुस्त झालं ना? मग किरकोळ दुरुस्ती असं लिही आणि सोड. वेडा आहेस का? म्हाताऱ्याला सांगायला जाशील, उद्या मुलगी वकील घेऊन येईल.”

“ते स्वतःला दोष देतायत, बेन्नीचेट्टा.”

“चार दिवस देतील. तुझी नोकरी गेली तर तू आयुष्यभर देशील.”

“बरोबर आहे,” रजीश म्हणाला. आणि जागेवर येऊन त्याने कुंजिरामनचा नंबर लावला. पहिली रिंग पुरी व्हायच्या आत फोन उचलला गेला.

“हलो! हॉस्पिटलातून का?”

“नाही. म्हणजे, त्यांच्याच कामासाठी. मी घरी येऊ का?”

फरोकला उतरून तो विचारत विचारत घरापर्यंत गेला. म्हातारा अंगणात दोरीवरची लुंगी काढत होता. बुटका, रुंद खांद्यांचा. त्याने रजीशला ओट्यावर बसवलं. रजीशने चपला काढल्या आणि बसल्या बसल्या सांगून टाकलं. जेसन, फ्रेमवर्क यांतलं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, “नंबर तुम्ही दिला होता. पहिल्याच दिवशी. तो पडद्यावर दिसू नये असं माझ्या हातून झालं.”

“मी दिला होता?”

“हो.”

“वाच बघू.”

रजीशने एकेक आकडा वाचला. प्रत्येक आकड्याला म्हाताऱ्याचे ओठ हलले.

“बरोबर आहे,” तो म्हणाला. मग त्याने मस्कतला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. “प्रसीते, एक मुलगा आलाय. काय म्हणतो ते ऐक.”

रजीशने पुन्हा सगळं सांगितलं.

“अच्छन,” पलीकडून मुलगी म्हणाली, “मी तुम्हाला काय काय बोलले हो.”

“असू दे. तू जेवलीस का?”

“त्याला सोडू नका. त्याचं नाव लिहून घ्या.”

“मी लिहूनच आणलंय,” रजीश म्हणाला. नाव, कंपनी आणि फोन लिहिलेला कागद त्याने ओट्यावर ठेवला. “कुठेही बोलवा, मी येऊन हेच सांगेन.”

फोन बंद झाला. म्हाताऱ्याने कागद उचलला नाही. “मी जागाच असायचो रे,” तो म्हणाला. “इथून रिक्षाने अर्धा तास. पोचलो असतो.”

“मला माफ—”

“ते नको. तू जा आता. तू असा समोर मान खाली घालून बसलास, की मला तुझ्यावर नीट चिडताही येत नाही.”

रजीश उठला. चपला घालून फाटकाबाहेर आला. मागून म्हाताऱ्याची पावलं ऐकू आली, पण ती त्याच्याकडे आली नाहीत. कुंपणाशी जाऊन थांबली.

“नारायणा,” म्हातारा शेजाऱ्याला सांगत होता, “नंबर मी दिला होता बरं का. पहिल्याच दिवशी.”

शेजारी काहीतरी बोलला. म्हातारा हो म्हणाला आणि पलीकडच्या घराकडे वळला. रजीश कोपऱ्यावर पोचला तरी ते ऐकू येत होतं. तेच वाक्य, त्याच आवाजात, आता तिसऱ्या दारात.