खिडकीपाशी नऊ सेकंद

धाकटीने माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला, तरी स्क्रीनवरचा बाण हलतच राहिला.

आधी तो चित्रातल्या घराच्या फाटकापाशी गेला. फाटक कुरकुरत उघडलं. मग पायऱ्या, मग दार. दारावरची घंटा दाबण्याआधी बाणाने तिच्याभोवती एक छोटीशी गिरकी घेतली आणि मगच ती दाबली. ती गिरकी पाहिली आणि धाकटी खुर्चीत पुढे सरकली.

“बघा आता,” मोठ्या सिस्टर म्हणाल्या. हॉस्पिटलच्या मुलांच्या विभागाचा कारभार त्यांच्याकडे येऊन दोनच महिने झाले होते. “रोज दुपारी तीन चाळीसला. एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही. मी असल्या गोष्टी मानत नाही हो, पण माझ्या हाताखालच्या दोघी दुपारच्या वेळी या खोलीत एकट्या यायला तयार नाहीत. तुमचे बंधू गेले हे कळल्यापासून तर नाहीच.”

वाट बघायची खोली होती ती. भिंतीला लागून प्लास्टिकच्या खुर्च्या, कोपऱ्यात हात धुवायचं बेसिन, आणि लहान मुलांच्या उंचीच्या टेबलावर हा जुनापुराणा कॉम्प्युटर. रिपोर्ट येईपर्यंत किंवा सुईची पाळी येईपर्यंत मुलांनी खेळावं म्हणून दादाने हे घर एकोणीस वर्षांपूर्वी बांधलं होतं. बांधलं, असंच तो म्हणायचा. प्रोग्रॅम लिहिला वगैरे कधी त्याच्या तोंडून आलं नाही. आठ खोल्या, आणि माउस न्याल तिथे काहीतरी घडायचं. नळ सोडला की पाणी, कपाट उघडलं की एखादी गमतीची फिल्म, मांजराच्या शेपटीला हात लावला की मांजर पाठ फिरवून बसायचं आणि पुढची पाच मिनिटं बोलायचं नाही. मांजराचा तो स्वभाव दादाने कुठून उचलला ते घरात सगळ्यांना ठाऊक होतं. धाकटीलाही होतं.

खुर्चीवर दोन वेण्यांची एक मुलगी पाय हलवत बसली होती. दर आठवड्याला इंजेक्शनला येणारी, जुनी पाहुणी.

“आता जिना चढणार,” ती म्हणाली. “मग खिडकी. खिडकीपाशी खूप वेळ थांबतो. तिथे काहीच नसतं, तरी थांबतो.”

“कोण?” धाकटीने विचारलं.

“हा,” मुलीने बाणाकडे बोट दाखवलं. एवढंसुद्धा कळत नाही का, असा तिचा चेहरा होता.

बाण जिना चढला, माडीवरच्या खोलीत शिरला आणि बंद खिडकीवर जाऊन थांबला. काही घडलं नाही. धाकटी मनातल्या मनात मोजत होती. नऊ झाले तेव्हा तो निघाला, भिंतीवरचा दिवा मालवून खाली आला आणि फाटक लावून घेऊन गप्प झाला.

“भूतबीत काही नाही, सिस्टर,” धाकटी म्हणाली. आवाज आपलाच आहे ना, अशी तिची तिलाच शंका आली. “चाचणी आहे ही. घरातलं सगळं नीट चालतंय का ते रोज तपासायला दादा आपला हात एकदा रेकॉर्ड करून ठेवायचा. बाण कसा फिरला, कुठे दाबला, कुठे थांबला, सगळं. कॉम्प्युटर तेच रोज परत करून बघतो आणि त्याला मेल पाठवतो. सकाळची गर्दी ओसरलेली, संध्याकाळची सुरू व्हायची असते, म्हणून ही वेळ.”

“मेल कोणाला पाठवतो?”

“दादालाच.”

सिस्टरांनी कपाटाच्या किल्ल्या एका हातातून दुसऱ्या हातात घेतल्या. “म्हणजे हात त्यांचाच,” त्या म्हणाल्या.

“हो. त्याचाच.”

“मग बाई, सोमवारी नवा कॉम्प्युटर लावाल तेव्हा एवढं बंद करा. आईबाप आधीच घाबरलेले असतात इथे.”

धाकटीने मान हलवली. गिरकीचं तिने त्यांना सांगितलं नाही. बटण दाबण्याआधी त्याच्याभोवती बाण फिरवायची दादाची खोडच होती. तो शेजारी बसून काम शिकवायचा तेव्हा त्या गिरकीवरून तिने त्याला किती चिडवलं होतं, ओवाळतोस का रे बटणाला म्हणून. आता आठ महिन्यांपूर्वी गेलेला माणूस रोज दुपारी येऊन घंटेला ओवाळत होता आणि ही मान खाली घालून बघत होती.

भावाबहिणीत अबोला होता. तो धरायला एक दुपार पुरली, सोडायला चार महिने पुरले नाहीत, आणि पाचव्याची वाट दादाच्या हृदयाने पाहिली नाही.

झालं होतं एवढंच. ज्या साधनावर दादाने हे घर उभं केलं होतं, ते बनवणाऱ्यांनीच मोडीत काढलं होतं. ब्राउझर ते उघडेनात. हॉस्पिटलचा एक जुना कॉम्प्युटर, दादाला जाणारा रोजचा मेल सोडला तर जगाशी संबंध तोडून, जुन्याच ब्राउझरवर घर चालवत होता, एवढंच काय ते. धाकटी म्हणत होती नव्याने बांधू, दादा म्हणत होता चालतंय तोवर चालू दे. खरं तर दोघं घरात बसून भांडले असते तर निभावलं असतं. पण हॉस्पिटलच्या बैठकीत, चार परक्या माणसांसमोर, ती बोलून गेली, “दादाचं घर मेलंय. तो फक्त अंत्यविधीला तयार नाही.” लोक हसले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

बाहेर आल्यावर दादा एवढंच म्हणाला होता, “मग तुझं जे काही असेल ते काढून ने.”

तिचं त्या घरात एकच होतं, माडीवरची खिडकी. एकोणीस वर्षांची असताना तिने केलेलं पहिलं काम. खिडकीवर बाण नेऊन नुसता ठेवला की पडदा सरकायचा, एक मुलगी डोकावायची, “कोण आहे?” असं विचारायची आणि हसून पडदा ओढून घ्यायची. आवाज धाकटीचाच होता. त्याच दिवशी संध्याकाळी तिने ती मुलगी काढून टाकली आणि घर पुन्हा चढवून ठेवलं. बारा तारीख होती. रागाच्या भरात केलेल्या कामाची तारीख माणूस विसरत नाही.

आता नवं घर तिनेच बांधलं होतं, आताच्या ब्राउझरमध्ये चालेल असं. मेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात, तसं व्यवसायातले सगळे आता दादाच्या कामाची वाखाणणी करत होते आणि ऐकून घ्यायला ही होती. फाटकाची कुरकुर तिने तीच ठेवली. मांजरही तेच. माडीची खिडकी मात्र बंदच होती.

ऑफिसात आल्यावर तिने हॉस्पिटलमधून आणलेली चाचणीची फाईल उघडली. बंद करायची तर आधी बघावी म्हणून. खिडकीपाशी हात का थांबतो हे तिला ठाऊकच होतं, निदान तिला तसं वाटत होतं. रेकॉर्डिंग जुनं असणार. बिचाऱ्या हाताला काय ठाऊक, खिडकीतली मुलगी गेली म्हणून.

फाईलच्या पहिल्याच ओळीत तारीख होती. तिने मुलगी काढून टाकली त्याच महिन्याची एकोणतीस.

तिने डोळे चोळले, पुन्हा वाचलं. मग दादाच्या मेलमध्ये शिरली. पासवर्ड तिला माहीत होता, आईच्या वाढदिवसाखेरीज त्याने दुसरा कधी ठेवलाच नाही. तिथे रोजचा अहवाल येऊन पडलेला होता, शेकड्यांनी, न वाचलेला. “सगळं ठीक.” “सगळं ठीक.” ती मागे मागे जात राहिली. बारा तारखेपर्यंत सगळं ठीक होतं. तेरापासून अठ्ठावीसपर्यंत रोज एकच ओळ होती, आणि तीही उघडून वाचलेली. “खिडकी : उत्तर नाही.” एकोणतीसपासून पुन्हा सगळं ठीक.

म्हणजे जुनी चाचणी नापास होऊ लागली म्हणून दादाने बसून हात नव्याने रेकॉर्ड केला होता. खिडकीत कोणी नाही हे ठाऊक असताना केला होता. तिथे तपासण्यासारखं काही उरलं नव्हतं, दाबायला काही नव्हतं. तरी तो जिना चढला होता आणि नऊ सेकंद थांबला होता.

आणि नऊ का? तिची मुलगी पाच सेकंदांची होती. ते पाच सेकंद तिने स्वतः कापून जुळवले होते.

तिने वहिनीला फोन लावला.

“दादाची जुनी डिस्क आहे का गं तुझ्याकडे? अगदी पहिल्या घराच्या वेळची?”

“आहे ना. त्याने कधी काही टाकलंय का? ये घेऊन जा. पण काय झालं?”

“वहिनी, तो रागावला होता का माझ्यावर?” आठ महिने मनात ठेवलेलं धाकटीने एकदाचं विचारलं. “खरं सांग. शेवटपर्यंत?”

पलीकडे पंखा बंद केल्याचा खटका ऐकू आला.

“मला काय विचारतेस? तुम्ही भावंडं एका माळेचे मणी,” वहिनी म्हणाली. “धाकटीला फोन कर म्हटलं की म्हणायचा, तिची वाट बघतोय. मग मी म्हणायचे, वाट बघून फोन येतात का? तर गप्प. मला वाटायचं, अडून बसलाय. ती वाकेल म्हणून.”

“मीही तेच करत होते,” धाकटी म्हणाली.

डिस्कवर मूळ आवाजांचा एक फोल्डर होता. पाणी, फाटक, घंटा. शेवटी “खिडकी, न कापलेली”. लांबी नऊ सेकंद.

तिने हेडफोन कानाला लावले आणि काढून ठेवले. रेकॉर्डिंगचा दिवस तिला आठवत होता. बंद दाराआड बसून ती बोलली होती आणि मागून दादा काहीतरी बोलला होता. काय, ते काही केल्या आठवेना. मुलीच्या खिडकीत पुरुषाचा आवाज कशाला, म्हणून तिने तो कापला होता आणि विसरली होती. त्याने जपून ठेवला होता. आता ते ऐकायचा धीर तिला होईना.

न ऐकता आवाज लावणं म्हणजे न चाखता ताट वाढणं, हे दादाचंच शिकवणं. उभ्या आयुष्यात तिने तसं केलं नव्हतं. या वेळी केलं. खिडकी उघडी केली, मुलगी परत आणली, पडदा नऊ सेकंदांनी मिटेल असा ठेवला आणि न कापलेला आवाज तसाच जोडला. मग घराची मापं घेऊन बसली. नवा स्क्रीन जुन्याच्या दुप्पट रुंद होता. घर ताणलं असतं तर खिडकी हातभर उजवीकडे गेली असती आणि दादाचा हात भिंतीवर थांबला असता.

“एवढा मोठा स्क्रीन आणि घर मध्येच एवढंसं?” शेजारची डिझायनर म्हणाली. “चारी बाजूंनी नुसतं अंगण दिसतंय.”

“दिसू दे.”

“हॉस्पिटलवाले विचारतील.”

“मुलांना अंगण लागतंच,” धाकटी म्हणाली. मापं तिने जुनीच ठेवली, ठिपक्याचाही फरक न करता.

सोमवारी नवा कॉम्प्युटर लावून होईपर्यंत साडेतीन वाजले. तिने दादाची एकोणतीस तारखेची फाईल त्यात घातली, तीन चाळीसची वेळ लावली आणि बुटक्या खुर्चीवर गुडघे जवळ घेऊन बसली. दोन वेण्यांची मुलगी आज पुन्हा आली होती, रिपोर्ट दाखवायला; दंडावर कापसाचा बोळा होता. तिची आई डोळे मिटून भिंतीला टेकली होती. सिस्टर दारात उभ्या होत्या.

तीन चाळीस झाले. बाण जागचा हलला.

फाटक कुरकुरलं. पायऱ्या, दार, आणि घंटेभोवती ती गिरकी. धाकटीने पदराखाली लपवावेत तसे दोन्ही हात ओढणीखाली घेतले. बाण जिना चढला. एक ठिपकाही न चुकता खिडकीवर आला आणि थांबला.

पडदा सरकला. मुलगी डोकावली.

“कोण आहे?” एकोणीस वर्षांच्या धाकटीने विचारलं, आणि हसली.

हसणं संपलं तिथे कात्री लागायची. आज नाही लागली. थोडा वेळ नुसतीच जुनी शांतता ऐकू आली, कुठेतरी दाराची कडी वाजली, आणि लांबून, दुसऱ्या खोलीतून यावा तसा, दादाचा आवाज आला.

“मीच गं. दुसरं कोण असणार?”

पडदा मिटला. त्याच क्षणी, अर्धा क्षणही आधी नाही की नंतर नाही, बाण खिडकीवरून निघाला आणि दिवा मालवायला गेला. रिकाम्या खिडकीपुढे बसून ते सगळं त्याने मनातल्या मनात पुरतं ऐकून घेतलं होतं. तिचं विचारणंही, आणि त्यावरचं आपलं उत्तरही.

“आज होतं कुणीतरी,” दोन वेण्यांची मुलगी म्हणाली.

सिस्टर जवळ आल्या, तिच्या खांद्यावर हात ठेवावा की नाही असं झालं त्यांना, आणि मग ठेवला.

“हे बंद करायचं होतं ना?” त्यांनी हळूच विचारलं.

“हो,” धाकटी म्हणाली. बाण अजून जिना उतरत होता. “घरातून निघू दे त्याला. मग करते.”

बाण फाटकापाशी आला आणि फाटक लावून घेऊन गप्प झाला. सिस्टरांनी वाट पाहिली, पण धाकटीचे हात ओढणीखालीच राहिले. मग त्या टेबलाला वळसा घालून भिंतीपाशी गेल्या आणि दुपारच्या कामांच्या पाटीवर, औषधं आणि तापाच्या नोंदींच्या खाली, खडूने लिहिलं : ३.४० – घर.