विरजणबाबाची वाटी

तालमीपुढच्या चौकात पाय ठेवायला जागा नव्हती. गिऱ्हाइकासमोर धार काढून दूध विकतात त्या कट्ट्यावरच्या म्हशी बाजूला बांधून सगळी गल्ली विरजणबाबापुढे बसली होती. चांदीची वाटी नाचवत बाबा ओरडत होता, "दुधाला विरजण लागलं की घट्ट! रक्ताला माझं विरजण लागलं की घट्ट! डॉक्टर नुसत्या सुया टोचतोय!"

म्हशी पाळणाऱ्यांना हे लगेच पटायचं. विरजण तर त्यांच्या घरी रोजच लागत होतं.

वाफाळत्या दुधाची किटली घेऊन स्नेहल मागे उभी होती. तिच्या यशराजला जन्मापासून हिमोफिलिया. रक्त गोठवणारा एक घटक त्याच्या अंगात जवळजवळ नव्हताच. ठरलेल्या वारी तो शिरेतून दिला की पोर शाळेत धावायचं. शीर कशी शोधायची, औषध किती सावकाश सोडायचं, हे ती दवाखान्यात शिकली होती. औषधाच्या कुप्या घरच्या फ्रिजमध्ये लोण्याशेजारी असायच्या.

मग हा बाबा घरी उतरला. यशराजच्या बोटाचं रक्त त्याने वाटीत घेतलं, वर भस्म टाकलं आणि त्याची गुठळी करून दाखवली. "आता सुई बंद. सुई आणि विरजण एका घरात नांदत न्हाईत!" सासऱ्यांनी, गणपतरावांनी, कुप्या पंचगंगेत सोडल्या. नवऱ्याने त्यांना अडवलं नाही. पुढच्याच आठवड्यात पोराच्या गुडघ्यात रक्त उतरलं आणि गुडघा कायमचा आखडला. बाबा म्हणाला, "श्रद्धा कमी पडली."

स्नेहलने ते वाक्य गिळलं होतं, विसरलं नव्हतं.

आज सकाळी घाईत तिने यशराजचं गरम दूध चुकून बाबाच्या वाटीत ओतलं आणि ते डोळ्यांदेखत नासलं. तिने बोट जिभेला लावलं. तोंड आवळून आलं. तुरटी! मामा, तिचे सासरे, दाढीत कापलं की रक्त थांबवायला गालावर फिरवतात तीच. म्हणजे वाटीतलं रक्त भस्माने नव्हे, हिनेच गोठलं होतं. तिने वाटी धुऊन जागेवर ठेवली. अंघोळीनंतर बाबा 'मंत्र भरायला' ती घेऊन दार लावून बसणार आणि पुन्हा तुरटी चोळणार, हे तिला ठाऊक होतं. कितीतरी दिवसांनी ती हसली.

"यशराज, ये बाळा," बाबाने चौकात हाक मारली. "परत लावू विरजण."

"पोराला हात लावू नकोस!" स्नेहल गर्दी चिरत पुढे आली. तिने वाटी हिसकावली, त्यात दूध ओतलं आणि सगळ्यांपुढे धरली. दूध फाटलं.

बाबाने लगेच वाटीकडे बोट केलं. "बघा! दुधाला पण लागलं माझं विरजण!"

गणपतराव उठले. जन्म दुधात गेलेला माणूस. त्यांनी वाटीत बोट घातलं, चाखलं आणि पचकन थुंकले. "विरजणाला रात्र लागती रं. ह्ये लागल्यालं न्हाय, नासल्यालं हाय. तुरटी हाय ह्यात!"

स्नेहलने चहाच्या टपरीवरच्या गरम पाण्याने वाटी खळखळून धुतली आणि पुन्हा दूध ओतलं. दूध दूधच राहिलं.

"आता लाव की विरजण! टाक तुझं भस्म!"

बाबाने भस्म टाकलं. दूध मळकट झालं, एवढंच. तो उठू लागला, तशी तिने त्याची कफनी धरली, त्याच्या झोळीत हात घालून सापडलेला तुरटीचा खडा दुधात ढवळला आणि वाटी त्याच्या तोंडाशी नेली.

"पी. श्रद्धा कमी पडू देऊ नकोस."

तो प्यायला. आवळलेलं तोंड बघून चौक खदखदून हसला. स्नेहल हसली नाही. गल्लीने बोलावलेले पोलीस येईपर्यंत तिने कफनी सोडली नाही.

दवाखान्यातून नव्या कुप्या आल्या. पहिल्या दिवशी ती सासऱ्यांना म्हणाली, "मामा, धरा त्याचा हात." गणपतरावांनी धरला. औषध संपेपर्यंत त्यांना त्या आखडलेल्या गुडघ्याकडे बघावं लागलं, आणि तेच तिला हवं होतं.

रक्तात जे नाही ते शिरेतूनच द्यावं लागतं. भस्माने, मंत्राने ते तयार होत नाही. आणि कुणी चमत्कार दाखवायला आलाच, तर आधी त्याची वाटी आपल्या हाताने धुवा. स्नेहलला ती धुवायला उशीर झाला. यशराज अजून लंगडतो.