पंढरीमामाचा गुप्त भाव

भिवंडीजवळ वडप्याला सुताचं गोदाम जळालं तेव्हा बंब वेळेवर आला आणि पाणीही वेळेवर सुटलं. फक्त ते आगीवर न पडता बघ्यांवर पडलं, कारण बंबाची कापडी नळी ठिकठिकाणी फाटली होती. एवढा गारवा आजवर कुठल्याच आगीत मिळाला नव्हता, असं बघे सांगत होते. मग चौकशी झाली आणि चौकशीचं शेवटी जे होतं तेच झालं. टेंडर निघालं. जिल्ह्याच्या संकट-सामग्री कार्यालयाला आगीच्या नव्या नळ्या हव्या होत्या. साल चौऱ्याहत्तर.

माझ्या पंढरीमामाची भिवंडीत लूमची शेड होती. सूत महागल्यापासून लूम बंद होते आणि शेडमध्ये कोंबड्या शिफ्टमध्ये फिरत होत्या. कशेळीच्या केसरीनाथशेठला ती जागा हवी होती. लूम भंगारात घालायचे, शेड पाडायची आणि गोदाम बांधायचं, असा त्याचा बेत. मामाने देवीच्या देवळासमोर शब्द दिला होता की दसऱ्यापर्यंत लूम चालू झाले नाहीत तर शेड तुझी. त्यामुळे हे टेंडर म्हणजे मामाची शेवटची उडी. आगीची नळी कंदिलाच्या वातीसारखी पोकळ विणतात, एवढंच की कंदील हत्तीचा धरायचा. इतकं जाड सूत झेपेल असे लूम आमच्या गल्लीत फक्त मामाचे होते.

पण केसरीनाथनेही टेंडर भरायचं ठरवलं. मुंबईहून तयार माल आणायचा आणि सरकारला द्यायचा. हे कळलं त्या दिवसापासून मामाला संशय चढला. काही लोकांना ताप चढतो तसा.

आधी त्याने पोस्टमनवर संशय घेतला. मग समोरच्या पानवाल्या विठूवर, कारण तो मामाकडे बघून हसला. पुढे दुसऱ्या पानवाल्यावर, कारण तो हसला नाही. शेडच्या दारात एक शेळी बसायची, तिला मामाने हाकललं. "कालपासून बसलीय. एकदाही चरली न्हाय," तो म्हणाला. मी लूमच्या मोटारीच्या बटणापाशी काम करायचो, पण माझ्यासमोरही तो बोटांवर हिशेब करायचा थांबला. मी विचारलं, "मामा, भाव काय टाकतोस?"

"तुला कोणी विचारायला सांगितलं?"

"कोणी न्हाय."

"मग विचारलंस कशाला?"

मी डोकं खाजवलं आणि ते खाजवणं हाच त्याला पुरावा वाटला.

अडचण एकच होती. मामाचं अक्षर असं की साहेबाने ते टेंडर औषधाच्या दुकानात पाठवलं असतं. टेंडर कमळमामीच लिहिणार होती. म्हणजे भाव तिला सांगणं भाग. पण सांगायचा कुठे? घराच्या भिंती पत्र्याच्या होत्या. खाडीवर जावं तर तिकडे केसरीनाथची माणसं. शेवटी मामाने लूमवाल्याच्या डोक्याने तोड काढली. आमच्या धंद्यात गुपित कुजबुजून सांगत नाहीत. सगळे लूम सुरू करतात आणि कानाशी तोंड नेऊन जीव खाऊन ओरडतात. त्या खडखडाटात शेजारी उभ्या माणसाला आपली स्वतःची शिंकसुद्धा ऐकू येत नाही.

कोंबड्या बाहेर काढल्या. मी बटण दाबलं. रिकामे लूम खडाखडा चालू झाले. मामा मामीच्या कानाशी वाकला, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या, आणि त्याने ओरडायला सुरुवात केली.

त्याच क्षणाला लाइट गेली.

वीजकपातीचं वेळापत्रक तेव्हा छापून मिळायचं. आम्ही सगळे ते पाळायचो, फक्त लाइटवाले पाळत नसत. लूम जागच्या जागी थांबले. समोरचेही थांबले, मागचेही थांबले. साऱ्या गल्लीत अशी शांतता पसरली की सुई पडली असती तर लोक उचलायला धावले असते. आणि त्या शांततेत मामाचा आवाज मशिदीपासून नाक्यापर्यंत गेला :

"फुटाला पावणेदोन रुपये! कोणाला बोलू नको!"

मग समोरच्या शेडमधून मेहबूब विणकराचा आदबशीर आवाज आला, "नहीं बोलेंगे, चाचा!"

मामा तसाच वाकलेला होता. मामी म्हणाली, "आता सरळ व्हा. मला ऐकू आलं."

दुपारी मी पान आणायला गेलो तर विठू म्हणाला, "काय रे बाळाराम, पावणेदोनमध्ये सूत परवडतं का रं?" रघू न्हाव्याने माझी दाढी करता करता मला समजावून सांगितलं की परवडतं, उलट चार पैसे सुटतात. संध्याकाळी अंबाडी गावाहून आलेल्या भाजीवाल्याने वांग्यांबरोबर भावही सांगितला. तोच. मामाने माझी गचांडी धरली.

"बटण तू बंद केलंस."

"मामा, सगळ्या गल्लीची लाइट गेली."

"मग सगळ्या गल्लीला कोणी फितवलं?"

दुसऱ्या दिवशी केसरीनाथ स्वतः आला. गळ्यात सोन्याची साखळी, हातात मापाची टेप. शेड मोजायला आलो म्हणाला, पण मोजत होता मामाचा चेहरा. मामीने चहा दिला. त्याने तो आधी मामाला प्यायला लावला, मग आपण प्यायला.

"पंढरी, आपण लहानपणापासूनचे. खरा भाव सांग."

"सगळ्या गावाने ऐकला तो," मामा हताशपणे म्हणाला.

केसरीनाथ हसायला लागला. हसता हसता थांबला. डोळे बारीक केले. "मी काय आज जन्मलो? खरा भाव कोणी नाक्यावर बोंबलतो? आणि लाइट बरोब्बर तवाच जाते? वायरमनला काय दिलंस?"

"काही न्हाय दिलं."

"बघ! फुकट केलं त्याने. म्हणजे किती जुनी ओळख हाय तुझी!" तो उठला. "मी पावणेदोनच्या खाली यावं, मुंबईचा माल तोट्यात घालावा, हाच तुझा डाव. न्हाय येणार. मी माझा भाव टाकतो."

तो गेल्यावर मामा बराच वेळ दाराकडे बघत बसला. आपण हुशार आहोत, असा संशय त्याला आयुष्यात पहिल्यांदाच आला होता.

मग त्याची झोप उडाली. केसरीनाथला भाव खोटा वाटतोय, तर खरा ठेवावा. पण तो खोटं वाटल्याचं नाटक करत असेल तर? बदलावा. पण आपण बदलणार हे त्याला ठाऊक असेल तर? मामीने शेवटी दौत पुढे ओढली. "सूत तेच, लूम तेच, माणसं तीच. तुम्ही संशय घेतला म्हणून कापूस स्वस्त होतो का?" तिने पावणेदोन लिहिलं आणि लाखेने पाकीट बंद केलं.

टेंडर उघडायच्या दिवशी कार्यालयात आम्ही पोचलो तर व्हरांड्यात विठू पानवाला. त्याच्या मागे रघू न्हावी, मेहबूब, हॉटेलवाला लडकू, तो दुसरा पानवाला, अंबाडीचा भाजीवाला आणि माशांची पाटी डोक्यावर घेतलेली धोंडूबाई म्हावरेवाली. मामाला वाटलं, सगळे धीर द्यायला आलेत. त्याचे डोळे भरून आले.

साहेबाने पेटी उघडली. दोन पाकिटं निघायला हवी होती. निघाली नऊ.

झालं असं होतं की पंढरीसारखा संशयी माणूस ज्या भावात काम करतो त्यात फायदा असणारच, हे गल्लीला ओरडण्याबरोबरच कळलं होतं. अनामत किरकोळ होती. लडकूच्या हॉटेलातली उधारी त्याहून मोठी. प्रत्येकाने पावणेदोनमधून जमेल तेवढे पैसे खाली उतरवले होते. सगळ्यांत वरचा भाव केसरीनाथचा. सगळ्यांत खालचा धोंडूबाईचा.

मामा माझ्याकडे वळला. "शेड गेली," एवढंच म्हणाला. कोपऱ्यात केसरीनाथने खिशातली टेप चाचपली.

साहेब मात्र पाकिटं पुन्हा पुन्हा वाचत होता. माल कुठे तयार होणार, या रकान्यावर त्याचं बोट थांबलं. "विठू पानवाला, माल पंढरी यांच्या शेडमध्ये. रघू न्हावी, माल पंढरी यांच्या शेडमध्ये. पंढरी, अर्थातच..." त्याने चष्मा काढला. "एका माणसाने आपलीच दोन-तीन टेंडरं वेगवेगळ्या नावांनी भरलेली मी पाहिलीत. आठ आजवर पाहिली नाहीत. कोण आहे हा पंढरी?"

मामाने हात वर केला. साहेब अर्धवट उठला, आदराने की पोलिसांना बोलवायला, ते कळलं नाही.

"साहेब, मला कायच ठाऊक न्हाय," मामा म्हणाला.

"असंच म्हणतात. ही सगळी टोळी बाद. उरलं एक टेंडर, कशेळीचे केसरीनाथ."

केसरीनाथने टेप बाहेर काढली. तेवढ्यात धोंडूबाईने पाटी साहेबाच्या टेबलावर ठेवली. दोन बोंबील फायलीवर सरकले.

"साहेब, मी म्हावरा विकते. समुद्र माझा हाय का?"

"बाई, तुम्ही कधी आगीची नळी पाहिली आहे का?"

"वडप्याला पाहिली. फाटलेली. सरकारने दिलेली." व्हरांड्यात कोणीतरी खोकलं. "तुमच्या कागदात लिवलंय का, की भाव टाकणाऱ्याच्या घरातच लूम पायजे? ह्या केसरीशेठचा लूम कुठं हाय मग? ह्याचा माल मुंबईचा. माझा दोन गल्ल्या पलीकडचा. ताजा कोणाचा?"

साहेबाने नियम चाळले. लूम घरात असावा असं कुठेही नव्हतं. माल ताजा असावा असंही नव्हतं, पण त्याने तेवढ्या खोलात न जाता बोंबील बाजूला केले आणि धोंडूबाईच्या टेंडरवर सही केली. मामाकडे संशयाने बघतच.

धोंडूबाईने बाहेर येऊन मामाला जिन्यावर गाठलं. "पंढरी, फुटामागे थोडं माझं, बाकीचं तुझं. घासाघीस न्हाय चालायची, मी रोज खाडीवर तेच करते." मामाने मनातल्या मनात हिशेब केला. लूम चालणार होते. फायदा एवढासाच, पण लूम चालणार होते. त्याने मान डोलावली. मग दबक्या आवाजात विचारलं, "तुला टेंडर भरायला कोणी लावलं?"

"तूच की. एवढं मोठ्यांदा सांगितलंस."

दसऱ्याच्या आधल्या दिवशी केसरीनाथ शेडवर आला. लूम धडधडत होते, पोकळ नळी गुंडाळून ढीग लागत होता. धोंडूबाई ढिगापाशी बसून माशाचे कल्ले उघडून बघावेत तशी नळीची तोंडं उघडून बघत होती. केसरीनाथने मामाला बाहेर बोलावलं.

"पंढरी, मानलं तुला. एवढी माणसं टेंडरला उभी केलीस. मला नुसतं सांगितलं असतंस तर मीही उभा राहिलो असतो."

"तू होतासच की उभा," मामा साधेपणाने म्हणाला. खरंच होता. सगळ्यांत वरच्या भावात.

केसरीनाथचा चेहरा उतरला. "म्हणजे... मला पण तूच उभा केला होतास?"

मामाला प्रश्नच समजला नव्हता. तो फक्त बघत राहिला.

केसरीनाथ एक पाऊल मागे सरला. हे टेंडर भर, असं मला पहिल्यांदा कोण बोललं, असं तो स्वतःशीच पुटपुटला. त्याचाच मुनीम बोलला होता. त्याने टेप घाईघाईने खिशात कोंबली आणि शेडचं नाव न काढता मोटारीत बसला. त्या आठवड्यात त्याने मुनीम काढून टाकला, पुढच्या आठवड्यात ड्रायव्हर.