पायऱ्या कुठायत?

गणिताच्या सरांनी गवंड्याच्या मुलीचा पेपर सगळ्या वर्गासमोर नाचवला. "उत्तर बरोबर, पण पायऱ्या कुठायत? कुणाचं बघून लिहिलंस?"

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी डोळे मिटले की गणितातली टाकी भरताना दिसते, सर. किती वेळात भरेल तेही दिसतं."

"मला पुटपुटल्याशिवाय गणित सुटत नाही," शेजारची मैत्रीण तिच्या बाजूने बोलली.

"मला चित्र काढावं लागतं," मागच्या बाकावरचा लंबू म्हणाला.

"गप्प बसा! पायऱ्या नाहीत, तर मार्क नाहीत!" सर खेकसले.

"माझे बाबा घरोघरी पायऱ्याच बांधतात, सर," ती गप्प बसायचं नावच घेईना. "पण शिडीनं वर पोचलेल्याला ते खाली ढकलत नाहीत."